दुसरा उकार

नारायण पेठेतल्या दुकानात जुना संगणक
चैत्रापासून घरघरतोय.
तपकीर गल्लीच्या मुजावरने कान लावला,
म्हणाला, "वहिनी, डिस्क बदलून देतो,
पण नवीन विंडोज याच्यावर चढणार नाही.
म्हातारा बैल आहे, घाटात घालू नका."

घालणार नव्हतेच.
याच्या पोटात एकवीस वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत,
ज्यांच्या फॉन्टची कंपनी कधीच बसली,
आणि ज्याची अंगठ्याएवढी हिरवी किल्ली
मागच्या खोबणीत मी दोऱ्याने बांधून ठेवलीय.
फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडा,
'श्रीगजानन प्रसन्न'च्या जागी
कंस, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं.
गणपती कुठे गेला कुणास ठाऊक.

घरी तरी नवं घ्यावं म्हटलं,
तर सगळेच शहाणे निघाले.

सुनेचा चंदेरी लॅपटॉप, उष्ट्या सफरचंदाचा.
"आई, एकदा घ्या, दहा वर्षं बघायला नको."
किंमत ऐकून मी चहात साखर दोनदा घातली.
अक्षर मात्र देखणं, इतकं
की त्यात वीजबिलाची तक्रार लिहायला लाज वाटावी.

शार्दूल, भाचा, हिंजवडीहून शनिवारी आला,
किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह.
"मावशी, लिनक्स."
"फुकट ते पौष्टिक," मी म्हटलं.
तो चिडला. "फुकट नव्हे, मुक्त!"
हा फरक समजून घेण्यात दुपार गेली,
आणि अर्धा किलो बाकरवडी.

दुकानाचे मालक केळशीकर तंबाखू मळत म्हणाले,
"घरी दुकानी एकच ठेवा.
दोन्ही घरचा पाहुणा उपाशी."

मला आपली एकच परीक्षा माहीत.
तिन्ही यंत्रांवर एकच ओळ टाईप केली:
चऱ्होलीच्या लेल्यांची शाल हरवली.
मग चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.
ऱ्होची पापणी नीट मिटते का,
ल ला देठ आहे का, श ला पाकळी.
तिघेही काठावर पास.
पैकीच्या पैकी कुणालाच देता येईना.

तोवर शार्दूलने घरच्या यंत्रावर त्याचं घातलंच.
भाषा? यादीत मराठी होती.
गाव? पुणं नव्हतं. कोलकाता निवडलं.
कोथरूडच्या हॉलमध्ये कोलकात्याचं घड्याळ लागलं,
वेळ बरोबर होती.
पट्टी सरकत सरकत कडेला पोचली
आणि उमटलं:
काम पुर्ण झाले.

पु पहिला!
चौतीस वर्षं मुद्रितं तपासलीत,
हात आपोआप लाल पेनाकडे गेला.
"मग दुरुस्त कर ना," शार्दूल.
"कुठे? काचेवर?"
"ज्यांनी लिहिलंय त्यांना पाठवायचं."

आजवर अशा चुका मी गिळत आलेय,
लग्नाच्या पंगतीत भातात खडा लागला
तरी यजमानाला सांगत नाही, तशी.
कुणाला सांगायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.

पाठवली.
तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून उत्तर,
कुणी तेजोमयी खणगावे:
"आभार. चूक माझीच. रात्री दोनला केलं होतं."
त्यावर मी काहीतरी प्रेमाने लिहिणार होते,
पण तिच्या पत्रात 'आभारी'ची वेलांटी पहिली होती,
तेवढी कळवली.

भाद्रपदात नवी आवृत्ती आली.
मुद्दाम सगळं पुन्हा चढवायला लावलं,
शेवटच्या ओळीपर्यंत उभी राहिले.
पू. दुसरा उकार,
मोठ्या घरच्या लेकीसारखा ऐसपैस बसलेला.

दुकानात म्हातारा आहेच.
तिथे क डाव्या हाताला, घरी उजव्या.
सोमवारची पहिली ओळ हमखास चुकते.
पाहुणी मी दोन्ही घरची,
पण उपाशी काही नाही.

प्रिंटर तेवढा घरी अजून बोलत नाही.
शार्दूल म्हणतो, येत्या शनिवारी.
हे तो तिसऱ्या शनिवारी म्हणतोय.