पूर्ण थ्रॉटलवर किती तास

केयोनच्या धक्क्यावर, चिलीच्या रस्त्यांचा जिथे शेवट होतो,
पत्र्याच्या शेडात मी इंजिनं विकते. बावीस वर्षं झाली.
येईल त्याला आधी कॉफी,
मग एकच प्रश्न:
पूर्ण थ्रॉटलवर, दिवसाचे किती तास?

इथेच माणसं खोटं बोलतात.
डॉक्टरला रोजचे ग्लास सांगावेत तसं,
निम्म्यावर आणून.

मागे दोन उभी आहेत, जुळी.
तेच ओतीव लोखंड, तेच सहा सिलिंडर,
तोच हिरवा रंग.
एकाच्या प्लेटवर पाचशे अश्वशक्ती,
दुसऱ्याच्या दोनशे ऐंशी.
नवखा गोंधळतो, मग फरक कशात?
मी म्हणते, तुझ्यात.

पाचशेचं सान्तियागोच्या दंतवैद्याला शोभतं.
फेब्रुवारीतले तीन रविवार,
बेट मागे पडेपर्यंत पाणी फाडत जायचं,
मग नांगर, वाइन, डुलकी.
वर्षाचे शंभर तासही भरत नाहीत.
गस्तीच्या बोटीचं थोडं निराळं:
झडप घालायची, आणि मग तासन्‌तास दबा.
पण जो ओढतो, त्याला धावणं माहीत नाही.
त्याला थांबणंच नाही.

कुस्तोदियो नाउतो मे महिन्यात आला, टोपी हातात घेऊन.
आखाताच्या पलीकडून शिणाण्यांचे तराफे ओढतो,
बरेचदा भरतीच्या तोंडावर.
म्हणाला, "तासभर. फार तर दीड."
मी त्याच्या तळहातांकडे पाहिलं.
तळहात काही वेगळंच सांगत होते.
पण त्या महिन्याचे हप्ते माझेही थकले होते,
आणि त्याला पाचशेचा आकडा आवडला होता.
फॉर्मवर मी लिहिलं: एक.

एप्रिलमध्ये इंजिन परत आलं,
ट्रकमध्ये आडवं, ताडपत्रीखाली,
माणूस आणावा तसं.
हेड उघडलं. चौथा पिस्टन
मेणासारखा ओघळलेला.
अंगठ्याने मीटरची काच पुसली:
दोन हजार एकशे चाळीस तास.
मीटरला कुणी प्रश्न विचारला नव्हता,
कॉफीही दिली नव्हती.

पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात.
ताकदीचं येतं.
अकरा महिने.

कुस्तोदियो बाकावर बसून राहिला,
बुटांवरचं मीठ नखाने खरवडत.
टेबलावर फॉर्म होता.
त्यातला आकडा माझ्या अक्षरातला.
त्याने वाचला असेल, नसेल.
दोघंही पावसाबद्दल बोललो.

दुसरं बसवून दिलं, नफा सोडून,
थोडं पदरचं घालून.
प्लेट पाहून त्याचा मेहुणा धक्काभर हसला:
"दोनशे ऐंशी? सामन कंपनीच्या पोरांची होडकी
याहून जोरात पळतात!"
त्या रात्री कुस्तोदियोने प्लेटवर रंग फासला,
दोन हात.
इंजिनाला त्याचं काही नाही.

पहाटे चारला मी जागी असते.
जूनमध्ये इथे उजाडायला आठ वाजून जातात.
खाडीच्या तोंडाशी तो ऐकू येतो,
मिनिटाला अठराशे फेरे, ना चढ ना उतार,
कुणी ओठांतल्या ओठांत आकडे मोजत चालावं तसा.
मीही मोजते. वळणापलीकडे गेला तरी मोजते.
मग उठते, शेडचं कुलूप काढते,
गार लोखंडाला हात लावते.

लेक पोर्तो माँतच्या इस्पितळात नर्स आहे.
रविवारी फोन करते.
"गुडघा कसा आहे? खरं सांग,
दिवसाचे किती तास उभी असतेस?"

मी खुर्ची ओढते, पाय स्टुलावर टाकते.
"तासभर," म्हणते. "फार तर दीड."