घोळ

पहिल्या बुधवारी वॉचमनने
क्रेट गेटबाहेरच ठेवायला लावलं.
द्राक्षांचं जुनं, निळं, एक कान तुटलेलं.
आत कागद, त्यावर थेटेबाईंचं अक्षर:
वांगी दीड किलो, कांदे, शेंगा सात,
घोळ.
ह्यांना वाटलं, हिशेबात.

फोन लावला. बाई हसल्या.
"अहो, भाजी आहे ती. पेरत नाही कोणी,
येते आपली आपण.
मुगाची डाळ घाला, लसूण सढळ."

वर्षाचे पैसे आम्ही दिवाळीतच भरलेले.
शेतात आपलाही वाटा; म्हणजे खरं तर
पाहुण्यांना सांगायला.
गिरणाऱ्याला एकदाच गेलो,
हुरडा खाल्ला, फोटो काढले, परतलो.

आता सोड्याच्या पाण्यातून काढून
गॅलरीत जुन्या चादरीवर पसरायचे
पानन् पान.
पनीरशिवाय ज्याला घास उतरत नसे
तो मिहीर आंबट देठ चघळत विचारायचा,
हे संपलं तर?
संपणार नव्हतं.
पलंगाखाली अकरा किलो तूरडाळ होती.
ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात एकदा क्रेट अर्धंच आलं.
"विल्होळीला हायवेवर माणसं चालतायत.
काकड्या, टोमॅटो तिथं उतरवले.
कच्चं खाता येतं तेवढंच दिलं.
वांगी तुमची तुम्हाला."

तिसऱ्या मजल्यावरच्या दाबकांनी विचारलं,
हे नियमात बसतं का?
पैसे आपण भरलेत.
मी म्हटलं, हो ना.
एवढंच म्हटलं,
आणि रात्री पलंगाखाली वाकून डाळ मोजली.
नऊ भरली.

सकाळी रिकाम्या क्रेटमधून
चार किलो परत पाठवली.
चिठ्ठी लिहायला बसले; काय लिहिणार?
नुसतीच पाठवली.

पुढच्या बुधवारी कागदावर
भाज्यांच्या खाली एक ओळ जास्त:
"डाळीत किडे होते. ऊन दाखवलं. चालली."

दुसऱ्या वर्षी वाटा सोडला.
भांडण काही नाही,
बुधवारी घरी कोणी नसतं, आणि
आता दहा मिनिटांत सगळं दारात येतं,
निवडलेलं, पुसलेलं, नाव छापलेलं.

पार्किंगमध्ये फरशीच्या फटीत
लाल देठांची घोळ उगवते.
पेरत नाही कोणी.
गाडी लावताना मी
चाक जरा वळवून घेते.