आकस्मिक खर्च, तीन टक्के

सुखानंद मिलच्या जमिनीखाली काय आहे
हे शोधायला सरकारनं पैसे दिले, पहिल्यांदाच.
मंजुरीचं पत्र मीच आवक रजिस्टरात चढवलं:
चोवीस भोकं, प्रत्येकी सहा मीटर,
मातीचे नमुने, पाण्याचे नमुने, भोपाळची प्रयोगशाळा,
एक कुंपण, एक पाटी.

मिल बंद पडली तेव्हा मी नववीत होते.
आधी साचे भंगारात गेले, मग पत्रे,
मग चिमणी पाडून विटा विकल्या.
जमीन तेवढी कुणाला उचलून नेता आली नाही.
तिथं बाभळी उगवल्या, लग्नाचे मांडव पडले,
एका हिवाळ्यात सर्कस.
बिल्डर यायचे, बुटाच्या टोकानं माती उकरायचे
आणि इंदुरात दुसरीकडे जागा घ्यायचे.

बाबा रंगखात्यात होते.
त्यांच्या नखांवरून आम्हाला कळायचं
यंदा बाजारात कुठल्या रंगाची साडी चालली आहे.
आई त्यांचा पंचा वेगळा धुवायची
आणि ते पाणी मोरीत नाही, लांब नाल्यात ओतून यायची.
तिच्याकडे कुणी नमुना मागितला नव्हता.

यंत्र आलं. नकाशावर तीस-तीस मीटरची जाळी,
रेघ रेघेला छेदते तिथं भोक.
काळी माती, मुरूम, काळी माती, मुरूम.
सतरा भोकं झाली, सगळी सोज्वळ.

फाटकाशी रोज एक म्हातारा. रामसनेही कोरी,
टोकन नंबर आठशे बारा, बाबांचा जोडीदार.
मिलमध्ये शिकलेल्या मराठीत सांगायचा,
"इथे नाही बाई. हौद तिकडे. नीमपासून नऊ कदम.
रातपाळीत झाकण आम्हीच उघडत होतो."
इंजिनिअर तरुण, भला माणूस:
"काका, जाळी मंजूर आहे.
पंचविसावं भोक अंदाजपत्रकात नाही."

कडुनिंब तरी कुठं उरला होता?
पण म्हाताऱ्यानं त्या नसलेल्या झाडापासून
चालायला सुरुवात केली, न अडखळता,
आणि नवव्या पावलाला थांबला.

मी शूर वगैरे नाही. लेखा शाखेत बावीस वर्षं
बेरजा तपासल्या, बस.
पण पान अकरावर, तळाशी, बारीक अक्षरात
एक ओळ होती: आकस्मिक खर्च, तीन टक्के.
तिच्या अंगावर एरवी चहा, झेरॉक्स
आणि साहेबांच्या गाडीचं टायर चढतं.
मी लिहिलं, एक भोक. कारण: स्थानिक माहिती.
'स्थानिक माहिती' दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

सव्वातीन मीटरवर माती पिवळी आली.
ओला, चिडका, काळ्यातून फुटलेला पिवळा.
मी तो ओळखते.
एका वर्षी दिवाळी होऊन गेली तरी
बाबांच्या अंगठ्यांवर होता.
रामसनेही काही बोलला नाही.
चपला काढून बाजूला उभा राहिला.

अहवालात क्रोमियमचा आकडा इतका मोठा
की टायपिंगची चूक समजून मी भोपाळला फोन केला.
आता दुसरा हप्ता लागेल, पहिल्याच्या चौदा पट,
आणि काढलेली माती न्यायची कुठं
हे कुठल्याच पानावर नाही.
बैठकीत कुणी म्हणालं, चोवीसच ठेवली असती
तर आत्तापर्यंत बाग झाली असती,
मुलांचे झोकेसुद्धा पसंत करून ठेवले होते.
तीन-चार माना माझ्याकडे वळल्या.
झोके म्हटल्यावर मला मुलांचे पाय दिसले,
अनवाणी, माती उडवणारे.

मागच्या गल्लीतल्या हातपंपाचा दांडा काढून नेलाय.
बायका भांडायला आल्या, चूक नव्हती त्यांची.
टँकरचं बिल मी त्याच दिवशी पास केलं.

आज लेखापरीक्षणाचा आक्षेप आलाय:
स्थानिक माहितीचा लेखी पुरावा जोडावा.
रामसनेहीला बोलावलं. त्याला सही येते,
मिलच्या साक्षरता वर्गात शिकला होता.
तरी म्हणाला, नको, अंगठाच घे.