खुडूक

वाहाकाच्या डोंगरात हवा मुळात विरळ,
त्यात एलेउतेरिओ रोज ट्रम्पेटच्या वरच्या पट्टीशी झोंबायचा.
मान फुगलेली, ओठांवर माउथपीसचा जांभळा वळ,
आणि सूर? ठेचल्या लसणीसारखा.

ओनोरिनो मास्तर रागावले नाहीत.
पुढचे दोन दात गेल्यापासून
ते बोलतानाही फुंकर जपून वापरतात.
मक्याच्या कोठीत नेलं, बोट दाखवलं:
अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी.
"ती उठता कामा नये. वाजव."

अकरा दिवस ती उठत राहिली.
एकदा तर घोट्याला टोचली.

बाराव्या दिवशी
मक्याची गरम पेज निववावी
तशी त्याने फुंकर घातली,
पोटातून, बिनघाईची,
जीभ जरा उचलून,
जणू कुणाच्या कानात नुसतं 'ई' म्हणायचंय.

केसाएवढा सूर निघाला.
वरचा सी.
छपराच्या पत्र्याला जाऊन टेकला,
टेकूनच राहिला.

कोंबडीने एक डोळा उघडला.
मिटला.

दाराबाहेर मास्तर, टोपी हातात,
ओठ आवळलेले, श्वास त्यांनीही धरलेला.
सातव्या ठोक्याला सुटला तो,
पोराच्या आधी.