कारण : कोल्हा

घाई नाही. साखळी कुरकुरते, कुरकुरू दे,
गुडघेही तिच्याच वयाचे.
डावीकडे बोरूंचं रान, दोन पुरुष उंच,
उजवीकडे द्राक्षमळे, मधून हा रस्ता
सायकलीपुरता,
शिंप्याने खडूने आखल्यासारखा.

फेर्टोचं पाणी दिसत नाही, आधीच सांगतो.
हे सरोवर ऐकायचं असतं.
सळसळलं तर वारा, खसखसलं तर पाणकोंबडी,
आणि बोरू एकाएकी गप्प झाले तर
पण ते पुढे.

पलीकडचे लोक ह्याच पाण्याला नॉयझीडल म्हणतात.
खोली कंबरेएवढी. पार मधोमध उभं राहिलं
तरी माणूस बुडत नाही.
तेव्हा आमची हीच डोकेदुखी होती.

करकोचे गेले. धुराड्यांवर त्यांची घरटी
उलट्या टोप्यांसारखी.
आता पाळी कलहंसांची, तिन्हीसांजेला उतरतात
शाळा सुटल्यासारखा गलका करत.
तेलिया मैना राहिलेल्या द्राक्षांवर तुटून पडतात,
त्यांना हाकलायला मळ्यात गॅसची तोफ उडते
दर दहा मिनिटांनी.
दर दहा मिनिटांनी माझा हात
खांद्यावरच्या पट्ट्याकडे जातो.
पट्टा नाही. हात जातो.

वळणावर मनोरा. तेव्हाचाच, रंग नवा.
सतरा पायऱ्या.
वर वालबुर्गा, पक्षी मोजणारी पोर,
नाक लाल, मांडीवर रकान्यांचा कागद.
"किती वर्षं पक्षी बघताय, लोरिंत्स आजोबा?"

कसं सांगू.
मी पक्षी बघत नसे,
पक्षी माझ्यासाठी बघत.
एकोणिसाव्या वर्षी, इथेच, सक्तीच्या नोकरीत:
दुर्बीण सरकारी, सायकल सरकारी,
भीती तेवढी घरून आणलेली.
तारेपेक्षा टिटवीवर आमची भिस्त.
तार गंजते.
टिटवी ओरडली की फोन उचलायचा,
मग वहीत तीन रकाने :
वेळ. दिशा. कारण.

नोव्हेंबरची पहाट, पाणी घातलेल्या दुधासारखी.
कलहंस उठले, सगळे एकदम,
आणि त्यांच्याखाली, मांड्यांइतक्या पाण्यात,
एक माणूस चालला होता
खांद्यावर सायकल घेऊन.

सायकल!
घर सोडलेलं, आई सोडलेली,
भाषासुद्धा सोडायला निघालेला गडी,
आणि सायकल काही सोडवेना.
मागचं चाक हवेत हळूहळू फिरत होतं, उलटं.
मला हसू आलं.
दया नव्हे. धैर्य तर नव्हेच.
हसू आलं, आणि हसताना नेम धरता येत नाही.

फोनवर हवालदार : "काय उठलं?"
"कलहंस."
"कारण?"
"कोल्हा."
कुठल्यातरी कपाटात ती वही असेल,
माझ्या बऱ्यापैकी अक्षरात.

तो पोचला का, ठाऊक नाही.
पलीकडून म्हातारे येतात सायकली घेऊन,
घंटी वाजवतात, हात हलवतात,
मी चेहऱ्याआधी चाकं बघतो.
हल्ली सगळ्या बॅटरीवरच्या.

वालबुर्गाला ह्यातलं काही सांगितलं नाही.
म्हटलं, "बरीच."
तिने चहा पुढे केला. थर्मासच्या झाकणातला, गोडमिट्ट.

तेवढ्यात बोरूंमधून थवा उठला,
आभाळ फाटल्यासारखा,
आणि तिची पेन्सिल थांबली.
"कशाने उठले?"
मी पाहिलं. खाली नुसतं हलणारं पाणी,
कडेला शेंडीवाली टिटवी, एका पायावर, गप्प.
"कोल्हा," मी म्हणालो.
जिभेला सवय.
तिच्या कागदात कोल्ह्याला रकाना नव्हता,
तिने समासात लिहून घेतलं.

परतताना वारा समोरून.
शेवटचा चढ मी उतरून चालतो, सायकल हाताशी धरून.
एकदा खांद्यावर घेऊन बघितली होती,
अंगणात, कोरड्या जमिनीवर.
बावीस पावलं.
बायको खिडकीतून बघत होती,
तिने पडदा ओढून घेतला.