वाकडं तोंड

ओंदारोआच्या धक्क्यावर, जाळी दुरुस्त करायच्या शेडमागे
आंतोनीची खानावळ आहे.
रविवारी जेवणं उरकली की आम्ही तिथे मुस खेळतो.
चौघं जण, चाळीस पानं, बशीत बावीस खडे.
खडे समुद्राचे. आमच्या गावात फुकट मिळणारं तेवढंच.

या खेळात भिडूला खूण करायची मुभा आहे.
खालचा ओठ चावला : दोन राजे.
जिभेचं टोक बाहेर : दोन एक्के.
भुवया वर : दोन जोड्या.
तोंड एका बाजूला वाकडं : सारखी तीन पानं.
डोळे मिटले : बाई गं, माझ्याकडे काही नाही, तूच निभाव.

फक्त खूण खोटी करायची नाही.
जिभेने काय वाटेल त्या थापा मारा,
गेलेल्या नवऱ्याची शपथ घ्या,
चेहरा मात्र खरा.
मावशीने हे सांगितलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते.
मला वाटलं, हे उलटं आहे.

बाकीचं कुणी शिकवत नाही.
चांगली पानं माणूस एकदाच बघतो;
वाईट पुन्हापुन्हा बघतो, मधल्या वेळात बदलली असतील म्हणून.
मार्केलिन थाप मारायच्या आधी हवेबद्दल बोलतो.
काश्तो हातात राजे असले की उदार होतो,
शेजारच्या टेबलाचीही वाइन स्वतःच्या नावावर लिहायला सांगतो.
माझंही काहीतरी असणार.
त्या दोघांना ते ठाऊक आहे, तीस वर्षं सांगत नाहीत.

फेब्रुवारीत बिशेंताचा अर्धा चेहरा उतरला.
डावा डोळा अर्धा मिटलेला, तोंड उजवीकडे ओढलेलं, कायमचं.
एप्रिलमध्ये ती परत खुर्चीवर बसली, माझ्या समोर,
आणि पहिल्याच डावात काश्तो म्हणाला,
हे चालायचं नाही. हिचं तोंड सारखंच तीन पानं सांगतंय.
टेबल गप्प.
आंतोनी ग्लास पुसता पुसता म्हणाला,
केली ती खूण. झाली ती नव्हे.
मग पानं वाटली गेली.

तेव्हापासून मी तिच्याकडे बघते आणि मला काही कळत नाही.
चाळीस वर्षं एकाच जाळ्याच्या दोन टोकांना बसून
मी जो चेहरा वाचायला शिकले
त्याचं अर्धं पान कुणीतरी फाडून नेलं.

परवा आम्हाला तीन खडे हवे होते, त्यांना पाच.
जोड्यांची पाळी आली.
मार्केलिनच्या भुवया वर जाऊन आल्या होत्या, मी पाहिलं होतं.
म्हणजे दोन जोड्या. तीन पानांच्या वरचढ.
माझ्या हातात कचरा.
बिशेंताने पानं पालथी ठेवली, खिशातून रुमाल काढला,
आणि जड जिभेने म्हणाली : ओर्दागो.

सगळा डाव एका बोलीवर.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच : ते तिथे आहे.
काय आहे, हे शब्द सांगत नाही.

काश्तो तिच्याकडे बघत राहिला.
तिची एकच भुवई हलते. ती हलली होती का?
एक भुवई म्हणजे एक जोडी की दोन?
तीन पानांवर एवढी हिंमत कुणी करत नाही,
म्हणजे हिच्या जोड्या आपल्यापेक्षा मोठ्या.
त्याचा हिशेब मला ऐकू येत होता, आणि हिशेब बरोबर होता.
मार्केलिन म्हणाला, बाहेर दक्षिणेचा वारा सुटलाय.
मग काश्तोने हात झटकला : नको.

एक खडा तिथेच मिळाला.
पानं उघडली. तीन पंजे, एक सत्ती.
आणखी दोन खडे. डाव संपला.
काश्तो एक शब्द बोलला, तो मी लिहीत नाही.

घरी जाताना पुलावर मी तिला म्हणाले,
खरोखर तीन होती, तर मला खूण करायचीस ना.

केली होती, ती म्हणाली.
पाणी उतरत होतं, गाळात होड्या कलंडल्या होत्या.
चांगलं जोर लावून केलं तोंड वाकडं.
तुलासुद्धा दिसलं नाही?