चार गुणांचा प्रश्न

नववी ब. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास.
फळ्यावर मी लिहिलं: जाहिरात लेखन, गुण चार.
आकर्षक शीर्षक, एक. यमक, एक.
ग्राहकाच्या मनाला भिडणारी भाषा, एक.
पत्ता, फोन, चौकट मिळून एक.
खडू खाली ठेवला आणि बघितलं,
खरेपणाला गुण उरलाच नव्हता.

निपाणीत मनाला भिडणारी भाषा शिकवावी लागत नाही.
स्टँडसमोर केसांच्या तेलाचा बोर्ड आहे,
वर कन्नड, खाली मराठी, मध्ये एक बाई,
जिचे केस बोर्ड ओलांडून खांबापर्यंत गेलेत.
जिनगोंडा अकोळे मागच्या बाकावरून उठला.
‘सर, मराठीत लिव्हलंय, एकवीस दिवसांत केस येणारच.
कन्नडात हाय, बेळेयबहुदु.
म्हंजे वाढतील. वाढले तर.’
वर्ग हसला. मीही.
मग कुणीतरी विचारलं, तेल तर एकच की ओ सर,
ते टक्कल बघून बोलतंय, का भाषा बघून?
ह्याचं उत्तर गाईडात नव्हतं.
मी म्हटलं, वह्या काढा.

रात्री अडतीस वह्या.
साबण, शिकवणी, सोलर, म्हशीचं खाद्य,
सगळीकडे ‘त्वरा करा’,
सगळीकडे शेवटचे दोन दिवस.
एकाने आमच्याच शाळेची केली होती:
अनुभवी शिक्षक, हवेशीर वर्ग.
खिडकीला गेल्या जूनपासून काच नाही.
हवेशीर हे खरंच.

आणि तैबा मुजावरची वही.
‘आमच्या अम्मीची शेंगाचटणी.
लसूण जास्त आहे. लहान पोरांना देऊ नका.
आठ दिवस चांगली राहते, मग खवट होते.
पाव किलो साठ रुपये. उधार नाही.
अम्मी विडीच्या कारखान्यात असते,
म्हणून चारनंतर या.’

शीर्षक नाही, यमक नाही.
चौकट मात्र पट्टीने आखलेली.
चारपैकी दीड.
लाल शाई वाळायच्या आत
नजर परत ‘विडी’वर गेली.

एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरी पक्की नव्हती तेव्हा,
एका कारखानदाराने मला बोलावून चहा पाजला.
‘मास्तर, लेबलाला एक ओळ द्या.
हलकी. तोंडात बसणारी.’
कप रिकामा व्हायच्या आत सुचली:
एक ओढ, दिवस गोड.
साडेसातशे रुपये, आणि भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळ अजून चालतं, आमच्या स्वयंपाकघरात.
ओळीत खोटं काही नाही, असं मी बायकोला सांगितलं होतं.
दिवस गोड.
कितवा दिवस, ते तिने विचारलं नव्हतं.

सकाळी ती ओळ फळ्यावर लिहिली.
किती द्याल, चारपैकी?
‘चार!’ सगळा वर्ग.
जिनगोंडा म्हणाला, ‘पाच द्या की.’
तैबा म्हणाली, ‘ही अम्मीच्या कट्ट्यावर हाय, सर.
लेबलं लावता लावता अम्मी मराठी वाचायला शिकली.
ह्याच ओळीवर.’

कुणी लिहिली, ते मी सांगितलं.
एवढा वेळ जे घोकत आलो होतो,
मोह, मजूर बायका, छातीतली घरघर, माझी सही नसलेली जबाबदारी,
त्यातलं पहिलं वाक्य निघायच्या आत
वर्गाने टाळ्या वाजवल्या.
कडाडून. बाकं बडवून.
सर, तुम्ही?
शेजारच्या वर्गातल्या कुलकर्णीबाई दारात येऊन बघून गेल्या.
मी खडू हातात घेऊन टाळ्या थांबायची वाट बघत राहिलो,
आणि खोटं कशाला बोलू,
पहिली दोन-तीन सेकंदं मला बरं वाटलं.

दीडाचे किती केले, ते रजिस्टरात आहे,
खाडाखोडीखाली वाचता येत नाही.

चारनंतर गेलो. पाव किलो.
सुट्टे नव्हते, तर तैबाच्या अम्मीने उद्या या म्हटलं.
उधार नाही, तेही खरं.
उद्या गेलो.
लसूण जास्तच होता.

नवव्या दिवशी बायकोने डबा हुंगला,
म्हणाली, टाका, खवट झाली.
थांब म्हटलं.
डोक्यावर ते घड्याळ टिकटिकत होतं.
मी भाकरीवर अजून एक चमचा घेतला.